चित्र आलं, आवाज येईना

हॉस्टेल म्हटलं की मेसची आमटी, रात्री दोन वाजताची सबमिशनं आणि टीव्ही रूममधला दंगा, या तीन विषयांवर आपल्या मॅगझिनमध्ये दरवर्षी लेख येतातच. मित्रहो, हा लेखही टीव्हीवरच आहे, पण कारण जरा वेगळं आहे. लॅपटॉप टीव्हीला जोडणे, चित्रासह आणि आवाजासह, हा माझा विषय. "त्यात काय सर, एक एचडीएमआय खुपसली की झालं!" असं लॅबमधली पोरं म्हणतात. आज होतंही तसंच. पण मी नांदेडला शिकत होतो तो काळ २००६ ते २०१० चा. तेव्हा चित्र एका वायरीने जायचं आणि आवाज दुसऱ्या वायरीने, आणि दोघांची गाठ टीव्हीपाशी पडेलच याची काही खात्री नसायची.

आमच्या विंगमध्ये सेकंड इयरला एकच लॅपटॉप होता, माझ्या रूम पार्टनरचा. तो परभणीचा. लॅपटॉपची त्याच्यापेक्षा विंगलाच जास्त काळजी. त्या लॅपटॉपच्या डाव्या अंगाला एक गोल भोक होतं, आत चार बारीक छिद्रं. माऊस लावायचं भोक असावं असं आम्ही आधी धरून चाललो. ते निघालं एस-व्हिडिओ. चित्रातल्या उजेड-अंधाराची माहिती एका तारेवर आणि रंगाची दुसऱ्या तारेवर, अशी ती व्यवस्था. टीव्हीला मात्र पिवळा जॅक, ज्यात उजेड आणि रंग एकाच तारेतून जातात. म्हणजे लॅपटॉप दोन तारांत बोलणार आणि टीव्ही एका तारेत ऐकणार. यावरचा उपाय सोपा आहे. रंगाच्या तारेत ४७० पिकोफॅरडचा कपॅसिटर घालून ती उजेडाच्या तारेला जोडायची. लॅबमधला सोल्डरिंग गन, दोन रुपयांचा कपॅसिटर, जुन्या व्हीसीडी प्लेअरची पिवळी पिन, झालं काम. कपॅसिटर सुटला की सिनेमा ब्लॅक अँड व्हाइट. तसाही आम्ही एक पाहिला, कुणी उठलं नाही.

विंगमधल्या एकाने वजिराबादेतून दुसरीच वायर आणली होती. एका टोकाला व्हीजीएची पंधरा पिनांची निळी पिन, दुसऱ्या टोकाला लाल-पांढरी-पिवळी. दुकानदार म्हणाला, "चालणारच." ती चालली नाही, चालणारच नव्हती. व्हीजीए पडद्यावर सेकंदाला साधारण साडेएकतीस हजार ओळी काढतं आणि आपला जुना डबा टीव्ही १५,६२५. नुसती तांब्याची तार हा वेग कसा बदलणार? त्याला मध्ये सर्किट लागतं, कन्व्हर्टरचा डबा लागतो. असल्या वायरी बाजारात अजूनही मिळतात, म्हणून सांगून ठेवतो.

आणि आवाज? टीव्ही रूममध्ये आवाजाचा प्रश्न आम्ही सोडवलाच नव्हता, बाजूला ठेवला होता. चित्र टीव्हीवर, आवाज लॅपटॉपला लावलेल्या वूफरमधून. हीरो समोर बोलतोय आणि त्याचा आवाज मागच्या खिडकीतून येतोय, असं आम्ही दोन वर्षं सिनेमे पाहिले. कुणाचं काही अडलं नाही.

माझं अडलं ते २००९ च्या उन्हाळ्यात, लातूरला, आणि सिनेमामुळे नाही.

आमची आजी, म्हणजे आईची आई, आमच्याकडेच राहायची. तिचं गाव औसा तालुक्यात, किल्लारीच्या अंगाला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जुन्या जागी आता नुसते दगडांचे ढिगारे आणि बाभळी आहेत, आणि नवीन गाव दुसरीकडे सरकारी प्लॉटांवर बसलंय. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. दख्खनच्या पठाराला भूकंपाची भीती नाही असं तोवर पुस्तकांत शिकवायचे. आपल्याकडची घरं म्हणजे दोन-अडीच हात जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, वर लाकडावर मातीचा थर दिलेलं माळवद. उन्हाळ्यात गार, पण ते वरून आलं तर माणूस उठतच नाही. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून आठ-दहा हजार माणसं गेली. आमच्या घरातले आजोबा, मामा, मामी आणि मामीच्या कुशीतलं तीन महिन्यांचं लेकरू. माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळेस आईची तब्येत नीट नव्हती, म्हणून आजी त्या आठवड्यात लातूरला आमच्याकडे आली होती. एवढ्या एका कारणाने ती राहिली. पुढे नवीन गावात तिच्या नावाने घर मिळालं. ती तिथे एक रात्रही झोपली नाही. लेकीच्या दारात राहायचं तिला फार जड जायचं, आल्या-गेल्याला पहिल्यांदा तेच सांगायची, पण गेली मात्र नाही.

मामाचा एक फोटो घरात होता, लग्नातला, आईच्या पेटीत. मी पाचवी-सहावीत असेन, तेव्हा तो फोटो हातात घेऊन आजी सहज म्हणाली होती, "फोटू हाय की बाबा. आवाज कुठं हाय? मला त्येचा आवाजच आठवंना गेलाय." तेव्हा मला त्यातलं काही कळलं नाही. वाक्य मात्र राहिलं.

कॅसेट आईला २००९ च्या जानेवारीत सापडली, ट्रंकेच्या तळाशी, साड्यांच्या घडीत. मामाचं लग्न मे १९९२ मधलं. व्हिडिओ शूटिंग केलेलं होतं, त्या काळी ते मोठं अप्रूप. आईने ती कॅसेट त्या वर्षीच्या दिवाळीत लातूरला आणली होती, रात्रभरासाठी व्हीसीआर भाड्याने घेऊन गल्लीतल्या बायकांना दाखवायला. ती परत न्यायची राहून गेली. गावातलं सगळं जे काही होतं ते गेलं, आणि ही कॅसेट न दिलेल्या उसन्या भांड्यासारखी आमच्याकडे राहिली. भूकंपानंतर घरात तिचं नाव कुणी काढलं नाही. पुढे व्हीसीआर भाड्याने देणारी दुकानंच गेली.

मी ती नांदेडला नेली. लग्नाची शूटिंग करणारे एक काका होते, त्यांच्याकडे जुना व्हीसीआर आणि कॉम्प्युटरला लावायची कॅप्चरची डबी होती. कॅसेट उघडून त्यांनी उजेडात धरली आणि म्हणाले, "बुरशी आहे. माझं हेड जाईल." त्यांना भूकंपाचं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी फोन आला, पुसून घेतलीय, येऊन जा.

इथे थोडं तांत्रिक सांगतो, कारण ते मला त्यांच्याच टेबलावर कळलं, कुठल्या लेक्चरला नाही. व्हीएचएसची टेप अर्धा इंच रुंद. तिच्यावर चित्र तिरप्या रेघांत असतं, फिरणाऱ्या हेडने लिहिलेलं. साधा आवाज मात्र चित्रात मिसळलेला नसतो. तो टेपच्या वरच्या कडेने एका बारीक पट्टीत सरळ जातो. आणि आपल्या पाल पद्धतीत ती टेप सरकते सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटिमीटर. साधी गाण्याची कॅसेट सरकते ४.७६. म्हणजे आवाजाला टेपवर जागाच निम्मी मिळते, म्हणून लग्नाच्या कॅसेटमधला आवाज असा घोंगडीतून आल्यासारखा वाटतो. शिवाय टेपची कड दुमडली की पहिला जातो तो हाच आवाज. आमच्या कॅसेटची कड दोन-तीन ठिकाणी दुमडली होती, बाकी शाबूत होती.

दुसरी अडचण बुरशीपेक्षा मोठी निघाली. त्या काळी लग्नाच्या कॅसेटला "मिक्सिंग" करायचे. म्हणजे शूटिंगवर हिंदी सिनेमाची गाणी चढवायची. जिथे गाणं चढवलं तिथला मूळ आवाज त्या कॅसेटमध्ये उरतच नाही. दोन तास दहा मिनिटांच्या कॅसेटमध्ये अक्षता गाण्यात, वरात गाण्यात, घास भरवणं गाण्यात. मामाचं तोंड हलतंय आणि आवाज बाईचा! मूळ आवाज राहिला होता तो कंटाळवाण्या भागात, जिथे मिक्सिंगवाल्याने पैसे वाचवले असावेत. हळदीचा काही भाग, पंगतीचा काही भाग, मांडवातला गोंधळ. सगळा मिळून वीसेक मिनिटांचा. हॉस्टेलवर मी तो हेडफोन लावून तीन-चार वेळा ऐकला. माझ्या हेडफोनची डावी बाजू बंद होती (हॉस्टेलवर दोन्ही बाजू चालणारा हेडफोन मी अजून पाहिलेला नाही). मामाचे ओठ हलताना दिसतात अशा तीन जागा कागदावर मिनिट-सेकंदासह लिहून घेतल्या. पण खरं सांगायचं तर मामाचा आवाज मला माहीतच नव्हता. तो गेला तेव्हा मी पाच वर्षांचा होतो.

मे महिन्यात परीक्षा संपली. रूम पार्टनरने पंधरा दिवसांसाठी आपला लॅपटॉप मला दिला. २००९ मध्ये ही गोष्ट किडनी देण्यापेक्षा फार कमी नव्हती. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर असा एसटीचा रस्ता, आणि मी चार तास ती बॅग मांडीवर घेऊन, वर टॉवेल टाकून बसलो. खिशात सोल्डर केलेली पिवळी पिन होती. आवाजासाठी हेडफोनच्या ३.५ मिलिमीटरच्या जॅकपासून लाल-पांढरी अशी दोन पिनांची वायर, चाळीस रुपयांची.

टीव्हीच कशाला, लॅपटॉपवरच का नाही दाखवलं, असं कुणी विचारेल. आल्या दिवशी आईने तेच केलं. आजीच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. लॅपटॉप समोर धरला तर ती म्हणाली, "ह्या पाटीत काय दिसतंय रं? मुंग्यावानी मानसं." आणि कानाने ती कमी ऐकायची. लॅपटॉपचे स्पीकर म्हणजे डासाची गुणगुण. तिला टीव्हीची सवय होती. बातम्या ती टीव्हीला अगदी खेटून बसून ऐकायची, आवाज शेजारच्या घरात जाईल इतका मोठा करून. मामाला तिच्यापर्यंत न्यायचं तर त्या एकवीस इंची डब्यातूनच न्यायला हवं होतं.

लातूरचा मे महिना म्हणजे लोडशेडिंग. लॅपटॉपला बॅटरी असते, टीव्हीला नसते. लाईट गेली ती संध्याकाळी पाचला. आजी सहापासूनच बंद टीव्हीसमोर येऊन बसली, नऊवारीचा पदर नीट करून, पाहुणे यायचे असल्यासारखी. लाईट आली साडेआठला.

पिवळी पिन लावली, रिमोटवर एव्ही दाबलं, आणि चित्र आलं. अगदी रंगीत. मांडव, आंब्याची डहाळी, हॅलोजनच्या झगझगीत उजेडात डोळे बारीक केलेली माणसं. आई मागे उभी होती, ती एकदम खाली बसली. आजी पुढे सरकली. काही वेळाने माझ्याकडे बघून म्हणाली, "आवाज येईना की रं."

येतच नव्हता. एक मोठी गुंईंऽऽ येत होती फक्त. ती मला ओळखीची होती. लॅपटॉपचा चार्जर भिंतीत आणि टीव्हीला केबलवाल्याची वायर, दोघांचं अर्थिंग वेगळं पडलं की स्पीकर गुणगुणतो. चार्जर काढला, केबलची पिन काढली, गुंईं थांबली. आता पूर्ण शांतता. एक गाणं लावून पाहिलं, ते टीव्हीतून खणखणीत वाजलं. म्हणजे वायर ठीक. लग्न लावलं, पुन्हा मुकं. लॅपटॉपची वायर उपटली, तर लग्न लॅपटॉपच्या स्पीकरवर डासासारखं का होईना वाजतंय. म्हणजे फाइलही ठीक. वायर ठीक, फाइल ठीक, टीव्ही ठीक, आणि आवाज नाही! आई म्हणाली, "लवकर कर रे, परत लाईट जाईल."

टीव्हीच्या पुढच्या झाकणात जॅक दोनच होते, पिवळा आणि पांढरा. टीव्ही मोनो होता. पांढरा म्हणजे डावा आवाज. लाल, म्हणजे उजवा, त्याला नव्हताच, लाल पिन हवेत लोंबकळत होती. गाण्याचा आवाज डावा-उजवा दोन्हीकडे असतो, म्हणून गाणं वाजलं. आणि मला आठवला माझा हेडफोन. त्याची डावी बाजू बंद. तरीही लग्न ऐकू आलं होतं, म्हणजे सगळा आवाज उजव्या बाजूलाच असणार! (नंतर नांदेडच्या काकांना फोन केला, तर म्हणाले, "हो, माझ्या डबीचा पांढरा जॅक सैल आहे, मी लालमध्येच लावतो.") मी पांढरी पिन काढली आणि तिच्या जागी लाल पिन घातली. एवढंच. दहा सेकंदांचं काम.

टीव्हीतून एकदम मांडव बोलायला लागला. भांडी, पोरांची रडारड, कुणीतरी कुणाला तरी हाका मारतंय. माझ्या कागदावरची पहिली जागा आली. मामा समोर, ओठ हलतायत, आवाज येतोय. मी आजीकडे पाहिलं. ती मान हलवत होती, "ह्यो न्हवं. ह्यो त्येच्या बाजूचा बोलायलाय." दुसरी जागा, चार शब्द, नीट कळले नाहीत. तिसरीवर ती "आसंल" म्हणाली. मला वाटलं, गेलं सगळं. एवढं करून "आसंल" वर आलं.

मग हळदीचा भाग लागला. हा माझ्या कागदावर नव्हताच, कारण त्यात मामा दिसत नाही. कॅमेरा जात्यावर बसलेल्या बायकांवर आहे, मिनिटभर हलत नाही, शूटिंगवाला बहुधा चहा पीत असावा. मागून कुठून तरी एक आवाज येतो, जरा वैतागलेला: "आई, पाणी दे की गं. घसा वाळायलाय." आणि लगेच एका बाईचा आवाज, फणकाऱ्याचा: "थांब की जरा. हात भरलेत हळदीनं."

आजीने हात वर केला. मी थांबवलं.

"ह्योच," ती म्हणाली. "ह्योच. ह्योच त्येचा आवाज." मग म्हणाली, "फिरून लाव." लावलं. पुन्हा लावलं. चौथ्या वेळी ती जरा रागानेच म्हणाली, "आन ही कोन बोलायलीय वसकन त्येच्या अंगावर? लेकरू पाणी मागायलंय तर!"

आई म्हणाली, "आई, तूच की गं ती."

आजीला पटेना. माणसाला स्वतःचा आवाज बाहेरून कधी ओळखू येत नाही, तुम्ही मोबाइलवर स्वतःला ऐकलं असेल तर माहीत असेल. ती आवाजातली बाई सतरा वर्षांनी लहान होती, आणि तिचं घर भरलेलं होतं. आई हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. आजी मात्र रडली नाही. ती शांतपणे म्हणाली, "दिलं आसंल मी पाणी. नंतर दिलं आसंल." मग लाईट गेली.

पुढचे पंधरा दिवस आमच्या घरी रोज लग्न होतं. आजीने निरोप धाडले आणि नवीन गावातली माणसं औशाहून जीप करून यायला लागली. एकदा चौदा जण होते, खाली सतरंजीवर. टीव्हीचा हाच मोठा गुण आहे की त्याच्यासमोर चौदा माणसं बसू शकतात. ती सगळी चित्र बघायची कमी आणि ऐकायची जास्त. चेहरा दिसला की सगळे ओळखायचे आणि गप्प व्हायचे. पण नुसता आवाज आला की भांडणं! "ह्यो वेशीजवळच्या शिंप्याचा." "कशाचा शिंप्याचा, शिंपी तवा पुण्याला होता." एक म्हातारे गृहस्थ फक्त खोकल्यावरून आपल्या भावाला ओळखून गेले. ते दुसऱ्या दिवशी एकटेच पुन्हा आले, तेवढ्या खोकल्यासाठी.

आईने एक दोनशे पानी वही घातली. डावीकडे मिनिट-सेकंद, उजवीकडे कुणाचा आवाज, काय बोलला, आणि तो माणूस आता आहे की नाही. वीस मिनिटांत एकतीस आवाज निघाले. त्यातले एकोणीस भूकंपात गेलेले. मामाचा आवाज एकूण पाच ठिकाणी सापडला, आणि पाचपैकी चार ठिकाणी तो पडद्यावर दिसत नाही.

लॅपटॉप परत द्यायची वेळ आली, तेव्हा मी ती फाइल डीव्हीडीवर करून प्लेअर आणून ठेवला आणि लाल पिन पांढऱ्या जॅकमध्ये घालून वर चिकटपट्टी लावली, कुणी "दुरुस्त" करू नये म्हणून. आईच्या मोबाइलमध्येही नुसता आवाज टाकून दिला होता. आजीने एकदा ऐकून फोन परत दिला. तिला तो टीव्हीतूनच हवा होता, घराच्या एका कोपऱ्यातून आल्यासारखा.

२०१३ मध्ये घरी सपाट टीव्ही आला. एचडीएमआय आली होती, जिची पहिली आवृत्ती २००२ सालची, आणि तिच्यात चित्र-आवाज एकाच वायरीतून जातात. तरी गंमत बघा, पहिल्या दिवशी पुन्हा चित्र टीव्हीवर आणि आवाज लॅपटॉपमध्येच! हे आजही आपल्या सेमिनार हॉलमध्ये महिन्यातून एकदा होतं, तेव्हा पोरांनो, वायर बदलत बसू नका. खाली स्पीकरच्या चिन्हावर जा आणि आउटपुट म्हणून टीव्ही निवडा. आणि नव्या लॅपटॉपचं प्रत्येक टाइप-सी भोक चित्र देतंच असं नाही, तेही आधी बघून घ्या. घरी जुना डबा टीव्ही असेल तर एचडीएमआयकडून एव्हीकडे जाणारा छोटा कन्व्हर्टर मिळतो. त्याच्यावर पाल-एनटीएससीचं बारीक बटण असतं, ते पालवर ठेवा, नाहीतर चित्र काळं-पांढरं येईल किंवा गरगरत राहील.

सपाट टीव्हीवर लग्न मात्र वाईट दिसलं. पालचं चित्र सेकंदाला पन्नास अर्ध्या-अर्ध्या चित्रांचं बनलेलं असतं. नव्या पडद्यावर ती नीट जुळवली नाहीत तर हलणाऱ्या माणसाच्या कडा कंगव्यासारख्या फाटतात. प्लेअरमध्ये डीइंटरलेस सुरू केलं की बरं होतं. आजीला त्याचं काही नव्हतं. तोवर तिचा दुसरा डोळाही गेला होता, ती टीव्हीकडे पाठ करून बसायची, निवडायचे तांदूळ मांडीवर घेऊन. हळदीचा भाग आला की हात थांबायचे. "थांब की जरा" या वाक्याला ती कधी कधी तोंडातल्या तोंडात सोबत म्हणायची. ती २०१५ मध्ये गेली.

२०१६ च्या जुलैमध्ये जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआर बनवणं थांबवलं. जगात नवा व्हीसीआर बनवणारी तीच शेवटची राहिली होती. आता जे काही आहेत ते जुने, आणि त्यांचे रबरी पट्टे सैल पडत चाललेत. टेपवरचा लेपही वर्षागणिक सुटत जातो.

वही आमच्याकडे आहे. एकतीस आवाजांपैकी दोन अजून कोरे आहेत, नऊ नंबर आणि तेवीस नंबर. नऊ नंबर एक मुलगी आहे, सात-आठ वर्षांची असावी, ती फक्त "मला पन, मला पन" असं म्हणते. दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आसपास मी नवीन गावात जातो, मोबाइल आणि छोटा स्पीकर घेऊन, आणि ज्यांना आठवेल त्यांना ऐकवतो. ऐकवण्याजोगी माणसं दर फेरीत कमी होतात.

आपल्या हॉस्टेलवर औसा, निलंगा, उमरगा, लोहारा भागातली बरीच पोरं-पोरी आहेत, आणि कर्मचाऱ्यांतही काही जण तिकडचे आहेत. तुमच्या घरी ट्रंकेत, माळ्यावर, देवघराच्या फळीवर १९९३ च्या आधीची अशी एखादी कॅसेट पडून असेल. इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये माझ्याकडे एक चालू व्हीसीआर आहे, हेड साफ केलेला, आणि कॅप्चरची डबी आहे, तिचे दोन्ही जॅक घट्ट आहेत. शनिवारी दुपारनंतर मी तिथेच असतो. पैसे लागत नाहीत. कॅसेटच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसत असेल तर घरी कुठल्याही मशीनमध्ये घालून बघू नका, उन्हात ठेवू नका, तशीच कापडात गुंडाळून आणा. आणि घरात आवाज ओळखणारं कुणी वडीलधारं असेल, तर त्यांना कोणत्या दिवशी वेळ आहे तेवढं आधी विचारून या.